हुरडा गोड का, आणि भिजलेल्या ज्वारीची भाकरी का तुटते?

मागं एकदा ऐन काढणीत अवकाळी आला. मंगळवेढ्याला मावशीकडं कणसं खळ्यावर दोन-तीन दिवस ओली राहिली, मग वाळवली, मळली, दळून आणली आणि भाकरी काही जमेना. पीठ हाताला चिकटतंय, परातीतनं उचलली की मधनंच तुटतीय. मावशी म्हणाली पिठाला काय बघतोस, दाणा बघ. बघितला तर टोकाला बारका पांढरा कोंब.

आता यात झालं काय? ज्वारीच्या दाण्यात ढोबळमानानं ७० टक्के स्टार्च असतो. हा साठा रोपट्यानं आपल्यासाठी नाही, स्वतःच्या पोरासाठी, म्हणजे दाण्यातल्या गर्भासाठी ठेवलेला असतो. तो कधी भरायचा, कधी बंद ठेवायचा आणि कधी फोडायचा, यात हार्मोन्सचा मोठा हात असतो.

भरायचं आधी बघू. दाणा चिकात असतो तेव्हा पानातली साखर भराभर येत असते आणि तिचा स्टार्च व्हायचं काम अजून चालू असतं, म्हणून हुरडा गोड लागतो. पुढं आठ-दहा दिवसांत तोच दाणा टणक आणि पिठूळ. आपली रब्बी ज्वारी तर पाऊस संपल्यावर काळ्या रानातल्या ओलीवरच वाढते, दाणे भरेपर्यंत जमिनीला भेगा पडायला लागतात. ओल कमी झाली की झाडात अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड नावाचं हार्मोन वाढतं, ते पानांची छिद्रं मिटवून पाणी वाचवतं. गहू-भातात असंही दिसलंय की पाणी बेताचं कमी पडलं तर हेच हार्मोन खोडात साठलेली साखर दाण्याकडं ढकलायला मदत करतं. उलट सायटोकायनिन हे दुसरं हार्मोन पानाला हिरवं ठेवतं, म्हातारपण लांबवतं. पान जास्त दिवस हिरवं राहिलं की कडबाही चांगला मिळतो, आणि आमच्याकडं कडब्याला दाण्याइतकाच मान आहे, ते सोडा.

दाणा पक्व होताना अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिडच कुलूप लावतं, 'आत्ता उगवू नको.' पाणी शोषलं की त्याचा जोर उतरतो, जिब्रेलिन या तिसऱ्या हार्मोनचा चढतो. हे जिब्रेलिन सापडलं जपानमध्ये, भाताची रोपं वेड्यासारखी उंच वाढून कोलमडायची त्या रोगातनं. १९२६ मध्ये जपानी शास्त्रज्ञ कुरोसावांनी दाखवलं की त्या रोगाची बुरशी जे काही सोडते त्यानंच हे होतं.

सातूचा दाणा मधोमध कापा. गर्भ नसलेला अर्धा भाग नुसता भिजवला तर त्यातला स्टार्च फारसा हलत नाही. त्यालाच थोडं जिब्रेलिन द्या, बाहेरचा पातळ थर अमायलेज नावाचं एन्झाइम सोडायला लागतो आणि आतला स्टार्च विरघळून साखर होते. म्हणजे एरवी गर्भच निरोप धाडत असतो! ज्वारीत मात्र हे एन्झाइम जास्त करून गर्भालगतच्या पडद्यातनं येतं, पण खेळ तोच, स्टार्च तुटतो.

मावशीच्या खळ्यावर हेच झालेलं, कुलूप वेळेआधीच उघडलं. काही वाणांचं कुलूप मुळातच सैल असतं, ती जरा भिजली की कणसातच उगवतात. स्टार्च तुटका, एन्झाइम पिठात जिवंत, मग गरम पाणी घालून मळताना ते आणखी तोडत बसतं, भाकरीला धरून ठेवायला उरतंय काय?

मावशीनं ते पीठ टाकलं नाही. आंबील केली, मंद आचेवर बराच वेळ ठेवून. नेहमीपेक्षा पातळ झाली आणि गूळ न घालता गोडसर लागली.