निबंध विकणाऱ्यांवरचे कायदे: बॉस्टन ते इंग्लंड

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, विशेषतः बॉस्टनच्या कॉलेजांभोवती, तयार टर्म पेपर (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून घरी लिहून द्यायचे मोठे निबंध) विकणाऱ्या कंपन्यांनी उघडउघड दुकानं थाटली. विद्यापीठ विद्यार्थ्याला नापास करू शकत होतं, विक्रेत्याला मात्र हात लावू शकत नव्हतं. १९७२मध्ये न्यूयॉर्क राज्यानं अशा एका कंपनीविरुद्ध न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला. न्यूयॉर्कच्या शिक्षण कायद्यात आज अशी विक्री गुन्हा आहे. विद्यार्थ्यानं स्वतः लिहिलेल्या मजकुराचं टायपिंग किंवा संपादन पैसे घेऊन करून द्यायला मात्र मुभा आहे. बॉस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्समध्ये कमाल दंड १०० डॉलर किंवा सहा महिने कैद. शंभर डॉलर म्हणजे धंद्याचा किरकोळ खर्चच!

खरी मेख दंडात नव्हती. ‘हा पेपर क्रेडिटसाठी (म्हणजे गुणांसाठी) सादर होणार हे विक्रेत्याला माहीत होतं, किंवा माहीत असायला हवं होतं’ हे सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागे. मग विक्रेते पाटी लावून मोकळे: ‘फक्त संदर्भासाठी’. इंटरनेट आल्यावर विक्रेता एका राज्यात, गिऱ्हाईक दुसऱ्यात, हीही अडचण वाढली. बॉस्टन विद्यापीठानं १९९७मध्ये अशा कंपन्यांना संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली संघराज्य न्यायालयात खेचलं. वर्षभरानं तो दावा फेटाळला गेला.

पुढची पावलं अमेरिकेबाहेर पडली. न्यूझीलंडनं २०११मध्ये अशा सेवांवर १०,००० न्यूझीलंड डॉलरपर्यंत दंड ठेवला. ऑस्ट्रेलियाला जाग आली ती २०१४च्या ‘मायमास्टर’ प्रकरणानं. सिडनीतल्या या चिनी भाषेतल्या संकेतस्थळाकडून अनेक विद्यापीठांतले विद्यार्थी असाइनमेंट लिहून घेत होते. तरी कायदा यायला २०२० उजाडलं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. शिवाय न्यायालयाला संकेतस्थळच ब्लॉक करायला लावण्याचा अधिकार, आणि २०२१मध्ये तो वापरलाही गेला. आयर्लंडचा कायदा २०१९चा. इंग्लंडनं २०२२मध्ये त्या जुन्या पाटीवरच घाव घातला: विद्यार्थी हे काम आपलं म्हणून देईल हे आपल्याला ठाऊक नव्हतं आणि योग्य काळजी घेऊनही कळलं नसतं, हे आता विक्रेत्यानंच दाखवायचं. जाहिरात करणं हाही वेगळा गुन्हा. उशिरा का होईना, अक्कल आली.

आपल्याकडचा १९८२चा महाराष्ट्राचा गैरप्रकार प्रतिबंधक कायदा काय किंवा केंद्राचा २०२४चा काय, दोन्हींचा रोख परीक्षांवर. घरी लिहायच्या प्रबंधासाठी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८चे नियम आहेत; आधीच्या लेखनाशी ६० टक्क्यांवर साम्य आढळलं तर संशोधकाची नोंदणी रद्द. पण हे नियम विद्यापीठाच्या आतल्या माणसांपुरते. पैसे घेऊन नवाकोरा प्रबंध लिहून देणारा बाहेरच राहतो, आणि नव्याकोऱ्या मजकुरात साम्याची टक्केवारी सापडणार तरी कुठून?