सुजलेली बोटं आणि दाट रक्त

निपाणी भागात विड्या वळणाऱ्या बायकांची बोटं दुखणं काही नवं नाही. पान कातरा, तंबाखू भरा, दोरा बांधा, दुखणारच. पण सकाळी उठल्यावर तासभर मूठच मिटत नसेल आणि दोन्ही हातांचे सांधे सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो.

आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. तिथं इंटरल्युकिन-6 सारखी प्रथिनं सुटतात. ती पेशीच्या आत शिरत नाहीत, बाहेरच्या ग्राहक-प्रथिनाला चिकटतात. त्याच्या आतल्या टोकाशी 'जॅक' नावाची विकरं असतात. ती जागी होऊन 'स्टॅट' प्रथिनांवर फॉस्फेट चढवतात. मग स्टॅट जोडीजोडीनं केंद्रकात जातात आणि सूज वाढवणारी जनुकं चालू करतात. एरवी हा निरोप थोड्या वेळात थांबतो. आमवातात निरोपावर निरोप येत राहतात.

हाच जॅक रक्ताच्या एका आजारातही बिघडतो, आणि ती तऱ्हा मला जास्त चमत्कारिक वाटते. तिथं निरोप नसला तरी काम चालूच! जॅकपैकीच एक असलेल्या जॅक-2 प्रथिनात 617व्या जागी व्हॅलीन या अमिनो आम्लाऐवजी फिनाइलॲलनीन हे दुसरं येतं आणि जॅकला लगाम घालणारा त्याचाच भाग ढिला पडतो. अस्थिमज्जा तांबड्या पेशी बनवत सुटते. 2005 मध्ये सापडलेला हा बदल पॉलिसायथेमिया व्हेरा या संथ रक्तकर्करोगाच्या बहुतेक रुग्णांत असतो. काहींना गरम पाण्यानं अंघोळ केली की अंगभर खाज सुटते. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन 19 बघून घरचे खूश होतात (आपल्याकडे ते कमीच असायची सवय), पण दाट रक्तात गुठळी होण्याचं भय असतं.

दोन्हीकडे जॅकच अडवायचा. त्यासाठी गोळ्या आहेत. अमेरिकेत रक्सोलिटिनिबला 2011 मध्ये मायलोफायब्रोसिस या भाऊबंद आजारासाठी, तर टोफासिटिनिबला 2012 मध्ये आमवातासाठी मंजुरी मिळाली.

मात्र क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवणाऱ्या पेशींना गॅमा इंटरफेरॉन या प्रथिनाचा निरोप जॅकमार्फतच मिळतो. तो अडला की वर्षानुवर्षं निपचित पडलेले जंतू उठू शकतात. म्हणून गोळी लिहिण्याआधी बेळगावचे डॉक्टर छातीचा एक्स-रे काढायला लावतात आणि विचारतात, "मावशी, घरात कुणाला टीबी झाला होता काय?" मुलीच्या लग्नाच्या धास्तीनं पुष्कळ घरं इथं 'नाही' म्हणतात.