शहाळं की नारळ? काय करायचंय ते आधी सांगा

‘एक नारळ द्या’ म्हटलंत की आम्ही विचारतो, ‘कशाला हवाय?’ उगाच चौकशी नाही ही. सहा-सात महिन्यांचं फळ प्यायचं, अकरा-बारा महिन्यांचं खवायचं. मोदकाला एक, सोलकढीला एक, तोरणाच्या कलशावर ठेवायला तिसराच.

आमची शहाळी येतात सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरून, मांगरोळ, चोरवाड, वेरावळकडून. वैशाखात बडोदं तापलं की ती पुरत नाहीत, मग कर्नाटकातल्या मद्दूरच्या बाजारातला माल मागवतो. शहाळं कानाशी हलवून खळखळ ऐकू आली तर ते जून झालंय. कोवळं काठोकाठ भरलेलं असतं, वाजत नाही. सोललेल्या नारळाचं बरोबर उलट: वाजला नाही तर घेऊ नका. पाणी आटलंय किंवा कुठेतरी तडा गेलाय. आणि शेंडी घरी नेऊन लगेच उपटू नका. तिच्याखाली तीन डोळे असतात, ते झाकलेले राहिले की नारळ टिकतो.

शहाळ्याचं पाणी फोडल्याबरोबर प्यावं. फार तर फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी संपवा. बाटलीत भरून उन्हात फिरवलंत तर आंबणारच. त्यात पोटॅशियम भरपूर, १०० मिलिलिटरला साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम, पण सोडियम कमी. म्हणून जुलाब-उलट्यांत ओआरएसच्या जागी ते चालत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊ नये, हे आम्ही गिऱ्हाईक गेलं तरी सांगतो.

खोबरं करवंटीला घट्ट चिकटलं असेल तर वाटी करवंटीच्या बाजूने मंद आचेवर धरा, कडेने सुटू लागेल. खवलेलं उरलं तर फ्रीजरमध्ये टाका, उन्हाळ्यात ओट्यावर ते काही तासांत आंबतं. सोलकढीसाठी पहिला जाड रस वेगळा काढा आणि कढी उकळू नका, फुटते.

थंडीत खोबरेल थिजलं की ‘भेसळ आहे का?’ असे फोन येतात. २४ अंशांच्या खाली शुद्ध खोबरेल थिजतंच. बाटली कोमट पाण्यात ठेवा, झालं.

रिकाम्या शहाळ्यांचे आणि करवंट्यांचे ढीग आम्ही कचऱ्यात टाकत नाही. करवंटीचा कोळसा पाणी गाळण्याच्या फिल्टरला लागतो. काथ्या भांडी घासायला, आणि त्याचा भुसा भिजवून गुलाबाच्या कुंडीत घातला तर माती ओल धरते. हवा असेल तर पिशवी घेऊन या, पैसे घेत नाही.

पूजेत वाढवलेला नारळ नासका निघाला की घरात अपशकुनाची कुजबुज सुरू होते. देवाचा कोप वगैरे काही नाही, डोळ्यातून किंवा बारीक तड्यातून आत हवा गेलेली असते. दोन्ही वाट्या त्याच दिवशी आणून दाखवा, बदलून मिळेल.