मारिया काझारेस

काझारेस, मारिया : (२१ नोव्हेंबर १९२२ – २२ नोव्हेंबर १९९६). स्पॅनिश वंशाच्या फ्रेंच रंगभूमी व चित्रपट अभिनेत्री. जन्म स्पेनमधील ला कोरुन्या येथे. वडील सांतियागो कासारेस किरोगा १९३६ मध्ये काही काळ स्पेनचे पंतप्रधान होते. यादवी युद्ध पेटल्यावर त्याच वर्षी मायलेकींनी पॅरिस गाठले. तेव्हा मारियांना फ्रेंच जवळजवळ येतच नव्हते. उच्चारांमुळे नाट्यविद्यालयाचे (काँझर्व्हातोआर) दार सुरुवातीला बंदच राहिले. पुढे प्रवेश मिळाला आणि १९४२ मध्ये मातुरँ नाट्यगृहात त्यांनी व्यावसायिक पदार्पण केले.

फ्रेंच लेखक आल्बेर कामू यांच्या ‘ल मालांतांद्यू’ (१९४४) या नाटकात त्यांनी मार्थाचे काम केले. पुढे ‘लेता द सिएज’ (१९४८) आणि ‘ले झ्यूस्त’ (१९४९) या त्यांच्या नाटकांतही त्या होत्या. दोघांचे प्रेमसंबंध मधल्या खंडानंतर १९४८ मध्ये पुन्हा जुळले, ते कामूंच्या अपघाती मृत्यूपर्यंत (१९६०) टिकले. त्यांची ८६५ पत्रे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि नव्या वाचकांना काझारेस कळल्या त्या कामूंची प्रेयसी म्हणून. ही ओळख त्यांच्यावर अन्याय करणारी आहे.

चित्रपट त्यांनी मोजकेच केले. मार्सेल कार्ने यांच्या ‘लेझांफां द्यू पारादी’ (१९४५) मध्ये त्या नायकाची उपेक्षित पत्नी नाताली झाल्या. रोबेर ब्रेसाँ यांच्या ‘ले दाम द्यू ब्वा द बुलोन्य’ (१९४५) मधील एलेन प्रियकरावर सूड उगवते, पण आवाज चढवत नाही. झाँ कोक्तो यांच्या ‘ऑर्फे’ (१९५०) मध्ये तर त्या साक्षात मृत्यू आहेत : काळा पोशाख, दिमतीला मोटारसायकलस्वार, आरशातून ये-जा. कवीच्या प्रेमात पडून हा मृत्यू आपल्याच लोकाचे नियम मोडतो. काझारेस ते इतक्या थंडपणे करतात, की शेवटी करुणा येते ती मृत्यूचीच.

त्यांची खरी कर्मभूमी मात्र रंगमंच. १९५२ मध्ये त्या कॉमेदी-फ्राँसेझ या फ्रान्सच्या जुन्या सरकारी नाट्यसंस्थेत दाखल झाल्या. तिथे फार रमल्या नाहीत. १९५४ पासून दिग्दर्शक झाँ व्हिलार यांच्या राष्ट्रीय लोकनाट्यगृहात आल्या आणि त्याच वर्षी आव्हिन्याँ नाट्यमहोत्सवात पोपच्या राजवाड्याच्या खुल्या चौकात लेडी मॅक्बेथ उभी केली. घोगरा, खोल आवाज हे त्यांचे मोठे बळ. शोकांतिकेत त्याला धार चढे. फेद्र, मेदेआ अशा भूमिका त्यांच्याकडे आल्या यात नवल नाही. झाँ झने यांच्या ‘ले पाराव्हां’ या नाटकातही (ओदेओं नाट्यगृह, १९६६) त्या होत्या. अल्जीरियाच्या युद्धावरील या नाटकाच्या प्रयोगांवर उजव्या गटांनी हल्ले चढवले होते.

स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या मृत्यूनंतर १९७६ मध्ये त्या माद्रिदमध्ये राफाएल आल्बेर्ती यांच्या नाटकात उभ्या राहिल्या. फ्रेंच नागरिकत्व त्यांनी १९७५ मध्येच घेतले होते. तरीही १९८० च्या आत्मचरित्राला नाव दिले ‘रेझिदांत प्रिव्हिलेजिए’, म्हणजे परदेशी रहिवाशांच्या परवान्यावरचा शेरा. १९८९ मध्ये ‘एक्यूब’ या नाटकासाठी त्यांना फ्रेंच रंगभूमीचा मोलिएर पुरस्कार मिळाला. फ्रान्समधील आलू या गावातील आपले घर त्यांनी गावालाच देऊन टाकले. तिथे आता नाट्यकेंद्र चालते.