आधी बेणं, मग सल्ला

साबुदाण्यामुळे कसावा आपल्या उपासाच्या ताटात येतो. युगांडात तो लहान शेतकऱ्याचं रोजचं जेवण आहे. पाऊस हुकला तरी कंद जमिनीत टिकून राहतात, लागतील तसे काढावेत. या भरवशाला 1988च्या सुमारास तडा गेला. लुवेरो भागात मोझॅक रोगाचा फार उग्र अवतार दिसू लागला: पानं पिवळी, आक्रसलेली, झाडं खुजी आणि मातीखाली कंद नावापुरते. दोन विषाणूंच्या जनुकांची सरमिसळ होऊन एक नवा विषाणू जन्माला आला होता. जुन्या विषाणूसोबत तो एकाच झाडात शिरला की पीक हातचं जाई. साथ वर्षाला 20 ते 30 किलोमीटर पुढे सरकत राहिली. तेसो भागात तर लोकांनी कसावा लावणंच सोडलं आणि उपासमार झाली.

रोग पसरवते पांढरी माशी. सोयाबीनचा पिवळा मोझॅक पाहिलेल्या आपल्या शेतकऱ्याला ती चांगली ठाऊक आहे. कसाव्यात मात्र रोगाला आणखी एक वाट मिळते. लागवड उसासारखी, खोडाच्या कांड्यांनी होते. बेणं घरचं नाहीतर शेजाऱ्याचं, आणि त्यातूनच रोग पुढच्या हंगामात जातो.

कृषी विस्तार कर्मचाऱ्यांचा सल्ला शास्त्राला धरून होता: रोगट झाडं उपटा, निरोगी कांड्या निवडा. पण रोगट झाडाखालीही चार कंद मिळतात. घरात खायला नसताना ते कोण उपटेल? एकाने उपटलं तरी शेजारच्या शेतातून माशी येतेच. आणि गावभर रोग असेल तर निरोगी कांडी निवडायची कुठून?

नायजेरियातल्या इबादानच्या संशोधन संस्थेकडे रोगाला दाद न देणारे वाण होते. युगांडातल्या नामुलोंगे संशोधन केंद्रातून ते 1990च्या दशकात ‘नासे’ या नावाने शेतकऱ्यांसाठी आले. खरी अडचण पुढे होती. हेक्टरी सुमारे 10,000 कांड्या लागतात आणि एका झाडातून वर्षाला जेमतेम दहाएक मिळतात. मक्याचं एक कणीस शेकडो दाणे देतं. कांड्या जड असतात, लवकर सुकतात आणि शेतकरी एकदा घेतल्या की पुन्हा विकत घेत नाही. म्हणून व्यापारी बियाणं कंपन्यांना यात फारसा रस नसतो. हे काम सरकारी कर्मचारी, स्वयंसेवी संस्था आणि शेतकरी गट यांनाच करावं लागलं: गावातच बेणेमळे लावायचे आणि तयार कांड्या पुढच्या शेतकऱ्यांना द्यायच्या. कसावा तिथे परतला तो या कष्टाच्या वाहतुकीमुळे, असं मी मानते.

2004मध्ये दुसरं संकट आलं, तपकिरी रेषा रोग. मोझॅकला तोंड देणारे काही वाण याला बळी पडले. हा रोग कपटी आहे. झाड वरून धडधाकट दिसतं आणि कंद कापला की आत तपकिरी, कोरडी कूज. शेतकरी चांगल्या मनाने शेजाऱ्याला कांड्या देतो आणि रोगही देऊन बसतो. इथे मात्र ज्ञानाचं मोल मोठं आहे. विस्तार कर्मचाऱ्याने शेतातच कंद आडवा कापून दाखवला, तर शेतकरी त्या झाडाचं बेणं धरणार नाही.

आता पानाकडे कॅमेरा धरला की रोग ओळखणारं, इंटरनेटविना चालणारं ‘नुरू’ हे मोबाइल ॲपही आहे. जिथे कर्मचारी महिनोन्महिने फिरकत नाही, तिथे ते मोलाचं आहे. पण रोगाचं नाव कळल्यावर शेतकरी विचारतो, चांगलं बेणं कुठे मिळेल? विस्तार सेवेच्या अंदाजपत्रकात बेणेमळ्यांसाठी, त्यांच्या तपासणीसाठी आणि कांड्या वाहून नेणाऱ्या गाडीसाठी पैसे असतील, तरच या प्रश्नाला उत्तर देता येतं.