हिवाळी ग्राउंडबेट: दीड पेक माल्टपासून चिमूटभर मातीपर्यंत

ब्रीम हा गोड्या पाण्यातला चपटा मासा गळापाशी जमवायला पाण्यात किती चारा, म्हणजे ग्राउंडबेट, टाकावा? सतराव्या शतकातलं उत्तर होतं, पेकभर, नाहीतर दीड पेक. पेक म्हणजे नऊ लिटरचं माप, तेव्हा दीड पेक म्हणजे जवळपास साडेतेरा लिटर जवाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. आयझॅक वॉल्टन यांचा ‘द कम्प्लीट अँग्लर’ इंग्लंडात १६५३ मध्ये पहिल्यांदा निघाला आणि त्यांच्या हयातीतच आवृत्तीगणिक वाढत गेला. त्यातल्या ब्रीमच्या प्रकरणात ही कृती आहे. माल्ट भरड दळायचं, एखाद-दोन उकळ्या द्यायच्या, गाळायचं आणि निवलं की नदीकाठी न्यायचं. पाण्याला ओढ असेल तर जरा वरच्या अंगाला टाकायचं आणि मुठीत इतकं घट्ट दाबायचं की पाण्यात पडताना फुटता कामा नये.

याच प्रकरणात हंगामही दिला आहे: संत जेम्सच्या सणापासून संत बार्थोलोम्यूच्या सणापर्यंत, म्हणजे २५ जुलै ते २४ ऑगस्ट. तोवर उन्हाळाभर खाऊन ब्रीम पुरता माजलेला असतो. वाहतं पाणी, ऐन उन्हाळा आणि भरपूर चारा हा साचा पुढे जवळजवळ तीनशे वर्षं टिकला. जानेवारीत स्थिर तळ्याकाठी गळ टाकून बसणाऱ्यांची आजही जी फसगत होते, तिचं मूळ बव्हंशी या साच्यात आहे.

हिवाळा कोर्स फिशिंगच्या वाट्याला आला तो कायद्याने. सामन-ट्राउट सोडून बाकीचे गोड्या पाण्यातले मासे, म्हणजे रोच, ब्रीम, टेंच, पर्च, पाईक वगैरे, हे कोर्स मासे. त्यांना विणीच्या काळात संरक्षण मिळालं १८७८ च्या कायद्याने. शेफिल्डचे खासदार मंडेला यांनी तो पुढे रेटला होता, म्हणून तो मंडेला अ‍ॅक्ट या नावानेच ओळखला जातो. १५ मार्च ते १५ जून बंदी, बाकी वर्ष मोकळं. म्हणजे अख्खा हिवाळा हंगामातच आला. शेफिल्डसारख्या कारखानदारीच्या शहरांतले क्लब रेल्वेने दूरच्या नद्यांवर जायचे, वजनावर स्पर्धा लावायचे आणि वजनासाठी झुंड धरून ठेवायची तर चारा हवाच. शिळा ब्रेड, कोंडा, जवाचं पीठ, उकडलेले बटाटे, आणि ते प्रवाहात तळाला बसावेत म्हणून चिकणमाती. इंग्लिश ग्राउंडबेट जड झालं ते नदीमुळे. तळ्याला त्या जडपणाची गरज कधीच नव्हती, पण सवय नदीची होती आणि गोळे तसेच पडत राहिले.

नैसर्गिक तळी इंग्लंडात तशी मोजकीच. श्रॉपशर-चेशरकडचे मीअर (तळी) हे हिमयुगाच्या शेवटी बर्फ वितळून राहिलेल्या खळग्यांतले, यॉर्कशरचं हॉर्नसी मीअर, डेव्हनमधलं स्लॅप्टन ली आणि वर लेक डिस्ट्रिक्ट. नॉरफोकचे ब्रॉड्स, म्हणजे तिथली उथळ तळी, दिसायला अगदी नैसर्गिक. पण ते मध्ययुगात पीट, म्हणजे जळणासाठी वापरायची दलदलीतली माती, खणून झालेले खड्डे आहेत, हे जॉइस लॅम्बर्ट यांनी १९५० च्या दशकात सिद्ध केलं. गरवणाऱ्याला त्याने फारसा फरक पडत नाही. शतकानुशतकं साचलेला मऊ गाळ दोन्हीकडे आहे, आणि पुढचा सगळा मुद्दा त्या गाळाचाच आहे.

नवा विचार आला तो इंग्लिश खाडीपलीकडून. गळाच्या स्पर्धांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९५२ मध्ये स्थापन झाला आणि १९५७ पासून जागतिक अजिंक्यपद भरू लागलं. कॉव्हेंट्रीच्या बिली लेन यांनी १९६३ मध्ये हॉलंडमध्ये वैयक्तिक विजेतेपद मिळवलं खरं, पण इंग्लंडच्या संघाला पहिलं सुवर्ण मिळायला १९८५ उजाडावं लागलं, तेही इटलीत, आर्नो नदीवर. मधल्या काळात इंग्लिश मंडळी बेल्जियन आणि फ्रेंच गरवणाऱ्यांचे हात बघत होती. तिकडच्या कालव्यांत मासे बोटाएवढे आणि बिचकणारे, त्यामुळे चारा हे तिथे शास्त्रच झालेलं. बिस्किटाचा चुरा, मक्याचं पीठ, भाजून दळलेल्या भांगेच्या बिया, धणे, व्हॅनिला. प्रत्येकाचं काम ठरलेलं. कुणी चिकटपणा द्यायचा, कुणी गोळा फोडायचा, कुणी ढग करायचा. मार्सेल व्हॅन डेन आइंडे या बेल्जियन स्पर्धकाच्या नावाच्या चाऱ्याच्या पिशव्या इंग्लंडात घरोघर गेल्या त्या याच लाटेवर. भांगेच्या बियांनी माशांना नशा चढते म्हणून काही पाण्यांवर त्यांना बंदी होती. बियांत नशेचा अंश जवळपास नसतोच, पण क्लबच्या समित्यांना हे कोण सांगणार?

भिजवण्याची रीतही तिकडचीच. कोरड्या मिश्रणावर थोडं थोडं पाणी शिंपडत हाताने फिरवायचं, पाव तास झाकून ठेवायचं, आतल्या कणांनी पाणी प्यायलं की पुन्हा शिंपडायचं आणि मग चाळणीतून काढायचं. चाळणीत उरलेले खडे हाताने दाबून पार करायचे, कारण एक खडा म्हणजे माशाच्या पोटात गेलेला एक घास. कमी भिजलेल्या चाऱ्यातले कण हवा धरून वर तरंगत येतात. उन्हाळ्यात ते चांगलं, पाण्यात हालचाल दिसते. हिवाळ्यात मासे तळाशी असताना ते कण झुंडीला वर किंवा बाजूला ओढून नेतात. म्हणून तेच मिश्रण थंडीत मुद्दाम जास्त भिजवतात, जवळजवळ मेलेलं, म्हणजे कण वर न सोडणारं, करून टाकतात. पिशवीवरची सूचना बहुधा उन्हाळ्याची असते. ती बाजूला ठेवलेली बरी.

थंडीत माशाचं नेमकं काय होतं हे कळलं की या काटकसरीचा अर्थ लागतो. मासा थंड रक्ताचा. पाणी १० अंशांनी उतरलं की त्याच्या शरीराचा कारभार ढोबळमानाने निम्म्यावर येतो. शिवाय रोच, ब्रीम, टेंच, कार्प या कुळाला जठरच नसतं. खाल्लेलं थेट आतड्यात, साठवायची सोय नाही, आणि गारठ्यात आतडंही हळू चालतं. पाणी ४ अंशांच्या आसपास सर्वांत जड असतं, म्हणून कडाक्यात खोल भागाचा तळ वरच्या थरापेक्षा किंचित उबदार राहतो आणि मासे तिकडे दाटीने गोळा होतात. वर शेवाळ मरून पाणी नितळ झालेलं. अशा पाण्यात तळावर पांढऱ्या चुऱ्याचा सडा पडला तर त्यावरून फिरणारा रोच पाईक या शिकारी माशाला लांबूनही दिसतो. काळ्या किंवा गडद तपकिरी चाऱ्याचा आग्रह त्यासाठीच असतो.

माझ्या मते हिवाळी ग्राउंडबेटच्या इतिहासातला सर्वांत मोठा शोध म्हणजे माती. चिचुंद्रीसारखा दिसणारा मोल जमीन पोखरून मातीचे ढिगारे वर काढतो. ती माती चाळली की भुसभुशीत आणि गडद निघते. तिच्या जोडीला लीम ही करडी चिकणमाती. यांत मिसळायचे ते ब्लडवर्म आणि त्याहून बारीक जॉकर, म्हणजे चावा न घेणाऱ्या मिज माशीच्या लाल अळ्या. पाण्यात गोळा विरतो, गढूळ डाग पडतो, हलणाऱ्या अळ्या दिसतात आणि पोट भरेल असं जवळजवळ काहीच नसतं. इंग्लंडात बऱ्याच स्पर्धांनी या अळ्यांवर वर्षानुवर्षं बंदी ठेवली, काहींनी अजूनही ठेवली आहे. अळ्या नसल्या तरी माती उपयोगी पडते: निम्मा गडद चारा आणि निम्मी माती घेतली की वास राहतो, खाद्य निम्मं होतं. नैसर्गिक तळ्याच्या गाळात याच अळ्या चौरस मीटरला हजारोंनी राहतात. म्हणजे रोचला तिथे खाण्याची ददात नसते. आपण फक्त ‘इकडे कुणीतरी गाळ उकरलाय’ एवढी बातमी पोचवायची.

दुसरा स्वस्त मार्ग ब्रेडचा. १९६१ मध्ये चोर्लीवूडच्या संशोधन संस्थेत यंत्राने झटपट कणीक मळायची पद्धत निघाली आणि मऊ, पांढरा, कापलेला ब्रेड सर्वत्र मिळू लागला. त्याच्या कडा काढून मिक्सरमधून फिरवला की न भिजवताच वापरता येईल असा ओलसर, हलका चुरा होतो. वाळलेल्या चुऱ्यापेक्षा याचा ढग बारीक पडतो. फार नितळ पाण्यात मात्र त्याचा पांढरेपणा उठून दिसतो, आणि तिथे मी मातीकडेच वळेन.

फिशमीलचा, म्हणजे माशांच्या पिठाचा, प्रवास वेगळा. १९८० आणि ९० च्या दशकांत खोदीव, कार्पने खचाखच भरलेली व्यावसायिक तळी वाढली. तिथले मासे गोळीखाद्यावर पोसलेले, म्हणून माशांच्या पिठाचं, तेलकट ग्राउंडबेट तिथे चाललं आणि दुकानांत त्याच पिशव्या पुढे आल्या. नैसर्गिक तळ्यात दर हेक्टरी मासे कितीतरी कमी, त्यांना गोळ्यांची ओळख नाही आणि गार पाण्यात तेल घट्ट होऊन पसरत नाही. मोठ्या ब्रीमच्या तळ्यावर गोड मिश्रणात थोडं फिशमील घालणारे जाणकार आहेत, आणि सौम्य पडलेल्या फेब्रुवारीत त्यांचं चालतंही. रोचसाठी मला ते पटत नाही.

या सगळ्यातून आजची हिवाळी रीत बनली. सुरुवातीला संत्र्याएवढे एक-दोन गोळे, त्यात मॅगट (माशीच्या अळ्या) असलेच तर मोजके, किंवा दूरवर मारायचं असेल तर छोट्या जाळीच्या फीडरमध्ये, म्हणजे दोरीला लावलेल्या चाऱ्याच्या डबीत, चिमूटभर चुरा. मग थांबायचं. मासे लागायला लागून पुन्हा थंडावले तरच पुढचा गोळा, कारण टाकलेला चारा परत काढता येत नाही.

नियमही आता मोजून टाकायलाच लावतात. १९९५ मध्ये बहुतेक स्थिर पाण्यांवरची विणीच्या काळातली बंदी उठली, पण संरक्षित जागा म्हणून नोंदलेल्या काही तळ्यांवर ती कायम आहे. चाऱ्यातून फॉस्फरस पाण्यात उतरतो आणि त्यावर शेवाळ माजतं, म्हणून काही ठिकाणी ग्राउंडबेटवर वजनाची मर्यादा असते, काही ठिकाणी ते फक्त फीडरमधूनच चालतं, तर कुठे अजिबात चालत नाही. तेव्हा मिश्रण भिजवण्याआधी परवान्यावरचे नियम वाचून घ्यावेत.