लंडन मॅरेथॉनच्या सर्वात वेगवान महिला विजेत्या

लंडन मॅरेथॉन ही ४२.१९५ किलोमीटरची रस्त्यावरील शर्यत १९८१ पासून होत आली आहे. ती ग्रिनिच-ब्लॅकहीथ भागातून सुटते, साधारण निम्म्यावर टॉवर ब्रिज ओलांडते आणि बकिंगहॅम राजवाड्याजवळच्या ‘द मॉल’ रस्त्यावर संपते. २०२५ पर्यंतच्या महिला विजेत्यांमध्ये सर्वात कमी वेळ ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफची आहे : २ तास १५ मिनिटे २५ सेकंद (२००३). तिच्या खालोखाल इथिओपियाची टिग्स्ट असेफा (२:१५:५०, २०२५), केनियाची पेरेस जेपचिरचिर (२:१६:१६, २०२४), केनियाचीच मेरी कीटनी (२:१७:०१, २०१७) आणि इथिओपियाची यालेमझर्फ येहुआलॉ (२:१७:२६, २०२२) यांचा क्रम लागतो. सहावी वेळ पुन्हा रॅडक्लिफची, २००५ मधली २:१७:४२. आणि तिच्याहून फक्त एका सेकंदाने मागे २०२१ ची विजेती जॉयसिलिन जेपकोसगेई.

या यादीतली पहिली वेळ आणि बाकीच्या वेळा एकाच पंक्तीत बसवता येत नाहीत. २००३ मध्ये आयोजकांनी महिलांच्या शर्यतीसाठी पुरुष पेसर दिले होते. पेसर म्हणजे ठरवलेल्या गतीने सोबत धावणारा धावपटू. त्याच्यामुळे गती राखण्याची चिंता कमी होते, आणि त्याच्या आडोशाने धावले तर समोरचा वाराही अंगावर येत नाही. रॅडक्लिफ आडोशाला न राहता त्यांच्या बरोबरीने धावली. तिने स्वतःचाच शिकागोतला विश्वविक्रम (२:१७:१८, २००२) १ मिनिट ५३ सेकंदांनी मोडला. दुसरी आलेली कॅथरिन एनडेरेबा तिच्यामागे साडेचार मिनिटांनी पोहोचली. इतक्या मोठ्या अंतराने जिंकणारीला पेसरमुळे किती सेकंद मिळाले असतील, हा वाद खरे तर निष्फळ आहे. पण नियमांना तो टाळता आला नाही.

२०११ मध्ये जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने ठरवले की, महिलांचा विश्वविक्रम फक्त महिलांच्या स्वतंत्र शर्यतीतलाच धरायचा. म्हणजे रॅडक्लिफच्या २:१५:२५ वरचा ‘विश्वविक्रम’ हा शिक्काच पुसला जाणार होता. त्यावर ओरड झाली आणि शेवटी मधला मार्ग निघाला : मिश्र शर्यतीतला विक्रम वेगळा आणि केवळ महिलांच्या शर्यतीतला वेगळा. लंडनला या दुसऱ्या विक्रमाचे माहेरघर म्हणायला हरकत नाही, कारण अलीकडे इथे अव्वल महिला पुरुषांच्या सुमारे अर्धा तास आधी सुटतात. बर्लिन आणि शिकागोत महिला व पुरुष एकत्र धावतात. असेफाची बर्लिनमधली २:११:५३ (२०२३) किंवा रूथ चेपनगेटिचची शिकागोतली २:०९:५६ (२०२४) या वेळा त्यामुळे लंडनच्या वेळांशेजारी ठेवताना जपून ठेवाव्या लागतात. चेपनगेटिचवर पुढे २०२५ मध्ये उत्तेजक द्रव्यप्रकरणी तीन वर्षांची बंदी आली, तरी तो विक्रम रद्द झालेला नाही.

केवळ महिलांच्या शर्यतीतला विक्रम २००५ पासून लंडनमध्येच घडत गेला. त्या वर्षी रॅडक्लिफने २:१७:४२ ची वेळ दिली, तीही शेवटच्या टप्प्यात पोटात कळा आल्याने रस्त्याच्या कडेला बसून पोट मोकळे करून! २०१७ मध्ये कीटनीने तो मोडला. तिने पहिला अर्धा भाग १:०६:५४ मध्ये काढला, तो इतका जलद होता की पुढे पेसरही टिकली नाही आणि उरलेले अंतर ती एकटीच धावली. दुसऱ्या अर्ध्या भागाला तिला तीन मिनिटांहून अधिक वेळ जास्त लागला. २०१९ ची विजेती ब्रिजिड कोसगेई हिने नेमके उलट केले : आधी हात राखून १:११:३८ आणि मग १:०६:४२. एकूण वेळ २:१८:२०. कीटनीच्या एकूण वेळेपेक्षा ती मागे राहिली, पण धावण्याची समज पाहायची तर कोसगेईची शर्यत अधिक देखणी ठरते.

२०२४ मध्ये कीटनीचा विक्रम एकाच दिवशी चौघींनी मोडला. द मॉलवर शेवटच्या काही मीटरांत जेपचिरचिरने मुसंडी मारली. असेफा ७ सेकंदांनी, जेपकोसगेई ८ आणि मेगर्टू अलेमू १८ सेकंदांनी मागे राहिली. पुढच्या वर्षी असेफाने तो विक्रमही आपल्या नावावर केला. ही असेफा मुळात ८०० मीटरची धावपटू, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती त्याच अंतरात उतरली होती. २:१५:५० ही वेळ रॅडक्लिफच्या वेळेपासून अवघी २५ सेकंद दूर आहे. मधल्या काळात जाड फेसाच्या तळव्याचे, आत कार्बनची पट्टी असलेले बूट आले; रॅडक्लिफ पातळ तळव्याच्या बुटांत धावली होती.

वेगवान शर्यती निर्विघ्न असतातच असे नाही. २३ वर्षांची येहुआलॉ २०२२ मध्ये रस्त्यावरच्या गतिरोधकाला अडखळून पडली, उठली आणि जिंकली. २०२३ मध्ये नेदरलँड्सची सिफान हसन आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन धावत होती. मध्येच थांबून तिने कंबरेला ताण दिला, आघाडीचा गट लांब गेला; पाणी घ्यायच्या गडबडीत ती एका मोटारसायकलसमोर येता येता वाचली. तरीही द मॉलवर ती पुढे होती : २:१८:३३.

पहिल्या वर्षीची विजेती जॉइस स्मिथ २:२९:५७ मध्ये पोहोचली तेव्हा ४३ वर्षांची होती. पुढच्या वर्षी तिने १४ सेकंद कमी करून पुन्हा जिंकले. नॉर्वेच्या इन्ग्रिड क्रिस्टियनसनची १९८५ मधली २:२१:०६ ही वेळ विश्वविक्रम म्हणून १९९८ पर्यंत टिकली. लंडनच्या मार्गावरचा विक्रम म्हणून ती त्याहून चार वर्षे जास्त टिकली. २००२ मध्ये रॅडक्लिफ आपली पहिलीच मॅरेथॉन धावायला इथे उतरली आणि २:१८:५६ मध्ये जिंकली, तेव्हा तो मोडला.